ग्रामपंचायतीच्या भिंतीवरची माता

मी पेंटर. प्रकाशा गावाच्या आसपासच्या खेड्यांतल्या दुकानांच्या पाट्या, लग्नघरांच्या भिंती, निवडणुकीतली चिन्हं, बरीचशी माझ्याच हातची. करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या ग्रामपंचायतीने एक भिंत दिली आणि सांगितलं, करोना काढ, लोक घाबरले पाहिजेत. मोबाइलवर बघून मी काट्यांचा लाल चेंडू काढला. पारावरची मंडळी म्हणाली, धोत्र्याचं फळ झकास जमलंय. डोकंच फिरलं माझं.

दुसऱ्या दिवशी त्या धोत्र्याला डोळे काढले, पिंजारलेले केस काढले आणि हनुवटीखाली लोंबणारी जीभ काढली. आता खरं सांगतो, मला बाईचा एकच चेहरा काढता येतो, माझ्या आईचा. साबणाच्या पाटीपासून साडीच्या दुकानापर्यंत सगळ्या बायकांना मी तिचेच डोळे दिलेत. आई येता-जाता थांबली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, डोळे माझे दिसताहेत, पण जीभ तेवढी माझ्या सासूची आहे.

तीन-चार दिवसांनी भिंतीखाली दहीभात दिसला. मग नारळ आले, कडुलिंबाचे डहाळे आले, चित्राच्या कपाळावर कुंकू आलं. बायकांचं म्हणणं सरळ होतं. देवीची, पटकीची साथ यायची तेव्हा जुनी माणसं मातीची माता करून लहानशा गाड्यात बसवायची आणि वाजतगाजत शिवेबाहेर सोडून यायची. रागावलेल्या मातेला थंड खाऊ घालायचं, तिला वाईट बोलायचं नाही. या खेपेला शिवेवर आम्हीच बांबू आडवे बांधलेले, पलीकडच्या गावानेही बांधलेले. गाडा न्यायचा कुठे? मग त्यांना माझ्या भिंतीवर आयती माता सापडली. लांब राहा म्हणून काढलेल्या चित्रासमोर माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहायला लागली. मी ओरडलो, हात जोडले. कोणी दाद देईना, आणि पुढच्या रांगेत माझीच आई.

पुसून टाकायला हवं होतं तेव्हाच. पण इतक्या वर्षांत माझ्या एकाही पाटीला कोणी नमस्कार केला नव्हता. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या उन्हाळ्यात आईला ताप आला. तिने दाराला लिंबाचा डहाळा बांधला आणि खाटेवर पडून राहिली. माता आलेल्या घरात फोडणी द्यायची नाही, औषध आणायचं नाही, आजाऱ्याला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, हे ती लहानपणापासून बघत आलेली. घरोघर तपासणीला येणाऱ्या आशाताईंनी बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं आणि आकडा बघून त्यांचा चेहरा उतरला. आत्ताच्या आत्ता न्या, म्हणाल्या. गाडी अंगणात आणून लावली. मी खाटेजवळ बसून आईला समजावलं की ती माता-बिता काही नाही, ती मी काढलीय, उरलेल्या लाल रंगाचा डबा अजून फळीवर पडलाय.

"हात तुन्हा शे बेटा," ती म्हणाली, "बुद्धी मातानी शे."

हात माझा, बुद्धी मातेची! तरी दीड दिवस बोलत राहिलो. चिडलो, रडलो, पाया पडलो. तिची शुद्ध गेली तेव्हा उचलून नेली. डॉक्टरांनी एकच विचारलं, एवढा उशीर का केला. दुसऱ्या दिवशी ती गेली.

महिन्याभराने ग्रामपंचायतीचा निरोप आला. भिंत पांढरी कर आणि लस घेणारी बाई काढ, बायका लसीला तयार होत नाहीत. मी बादली घेऊन गेलो. काटे पुसले, केस पुसले, जीभ चुन्याच्या दुसऱ्या हाताला गेली. डोळे राहिले. डोळ्यांवर चुना मारायला मला अख्खी दुपार लागली.

मग खुर्चीवर बसलेली बाई काढली, पोलक्याची बाही दंडावर सरकवलेली. चेहऱ्यापर्यंत आलो आणि दुसरा काही येईना. काढला तोच. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका ओळखायच्या आणि पदर तोंडाला लावून पुढे जायच्या.

अजून आहे ते चित्र. त्यात आई मुकाट्याने हात पुढे करून बसलीय, सुई टोचून घेतेय. मला तिला अंगणातल्या गाडीपर्यंत नेता आलं नव्हतं.