कितवं बटण, बाई?

चार दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. बादल्या भरत असतानाच फोन वाजला. ओल्या हातानंच उचलला. "बाई, अण्णा गेले," पद्मा म्हणाली. पद्मा म्हणजे अंबादासअण्णांची मुलगी. मला आधी रडू आलं नाही. आता आपली उलटतपासणी घेणारं कुणी उरलं नाही, असं वाटलं... त्याला महिना होऊन गेला.

अण्णा आमच्याच गल्लीत राहायचे. यंत्रमागाच्या कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारे. चाळिशी उलटल्यावर काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले आणि कुणाच्याही शब्दावर विसंबायचं नाही, असा त्यांनी जणू नेमच केला. रिक्षावाला "आलं तुमचं ठिकाण" म्हणाला तरी उतरण्याआधी रस्त्यावरच्या कुणाला तरी विचारायचे. एकदा मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले होते. तिथल्या लिफ्टमधून बाईचा आवाज आला, "दुसरा मजला." दार उघडलं तरी अण्णा हलेनात. "बाई, खरंच दुसरा हाय का?" मी म्हटलं, ती सांगतेय की. तर म्हणाले, "तिला जे शिकवलंय तेच ती बोलनार. पाटी बघा तुमी." मी पाटी बघितली, दुसराच होता. तेव्हा कुठं त्यांनी पाय पुढं टाकला. मला हसू आलं होतं. पण पाटी बघायला ते मलाच सांगत होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. गल्लीत माझ्या शब्दाला वजन होतं, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. त्यामुळे एका निवडणुकीला अण्णांनी मतदानाला सोबती म्हणून मला नेलं. आंधळ्या मतदाराबरोबर एकाला आत जाता येतं. त्यांना ज्याला मत द्यायचं होतं तो अपक्ष होता, त्यांच्याच कारखान्यातला जुना कामगार. माणूस सरळ, पण निवडून येण्याची सुतराम शक्यता नाही. यादीत त्याचं नाव अगदी तळाला होतं, खाली फक्त 'नोटा'. पुठ्ठ्याच्या आडोशामागं आम्ही दोघं उभे राहिलो. अण्णांनी माझ्या कानात नाव सांगितलं. मी यंत्राकडं बघितलं आणि मनात म्हटलं, यांचं मत फुकट जाणार... मग वरून दुसरं बटण दाबलं. ज्याला मी स्वतः मत दिलं होतं, त्याचं. मोठी शिट्टी वाजली.

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "कितवं बटण, बाई?"

"शेवटून दुसरं. तुम्ही सांगितलंत तेच."

"बांगड्या लई वर वाजल्या, म्हनून इचारलं."

"यंत्रच उंचावर ठेवलंय हो," मी म्हटलं. इतक्या सहज खोटं बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. ते "व्हय का" म्हणाले आणि विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

पुढच्याच महिन्यात ते ब्रेल शिकायला जायला लागले. मतदान यंत्राच्या बटणांशेजारी ठिपक्यांचे आकडे असतात, हे त्यांना तिथल्या मास्तरांनी सांगितलं होतं. तीस वर्षं मागाचे नट पिळून बोटांना घट्टे पडलेले, त्यांना ठिपके लागता लागेनात. रोज कोमट पाण्यात बोटं बुडवून बसायचे. मी विचारलं, या वयात एवढा खटाटोप कशाला? "आकडे यायला पायजेत की," एवढंच म्हणाले. त्या उत्तरात मला टोमणा ऐकू आला. मग त्यांच्या प्रत्येक बोलण्यातच ऐकू यायला लागला. संशयी स्वभाव त्यांचा, पण तो रोग जडला मला.

पुढच्या निवडणुकीला ते एकटेच आत गेले. मी दाराशी उभी. केंद्रावरचे साहेब म्हणाले, "काका, सोबत्याला बोलवा की, लवकर होईल."

"घाई न्हाय मला. ठिपक्यांचा कागद असतोय तुमच्याकडं, त्यो द्या."

साहेबांनी सामानात शोधाशोध केली. कागद निघाला, घडीसुद्धा न मोडलेला. अण्णांनी उभ्याउभ्या प्रत्येक नावावरून बोट फिरवलं. मागं रांगेत लोक कुरकुरत होते. ते आडोशाकडं गेले, बऱ्याच वेळानं शिट्टी वाजली. बाहेर आले ते खुशीत असतील असं मला वाटलं होतं. पण कपाळाला आठ्या. "शिट्टी सगळ्यांचीच सारखी वाजती, बाई. आतली चिठ्ठी काचंतनं दिसती म्हनं डोळसांना. माझी कुनी बघितली?"

त्यानंतर साखरेच्या आजारानं त्यांच्या बोटांची जाणीव गेली. चहाचा कप गरम आहे की गार, तेही कळेना. ठिपके तर दूरच. शेवटच्या निवडणुकीला पद्मा माहेरी आली होती. ती बरोबर जाईल असं मी धरून चालले होते. पण सकाळी अण्णा काठी टेकत माझ्याच दारात उभे. "चला बाई. तुमी या."

आत त्यांनी नाव सांगितलं. मी त्यांचंच बोट धरून त्या बटणावर नेऊन ठेवलं. दाबलं त्यांनी. काचेमागं चिठ्ठी दिसली, ती मी त्यांच्या कानात वाचली. बाहेर पडलो आणि मला राहवेना. लिंबाच्या झाडाखाली थांबून मी सगळं सांगून टाकलं. मागं मी काय केलं होतं ते, यंत्र उंचावर नव्हतं तेही.

अण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. "मला ठावं हाय की," ते म्हणाले. "लई राग आलता. शिकलेल्या बाईनं असं करावं?"

"मग आज मला का आणलंत? पद्मा होती ना घरी."

"पद्माला काय, ती बापाचं भलं बघनार. तुमी बघितलं तसंच. तिला वाटंल, म्हाताऱ्याला काय कळतंय. तुमी एकदा केलंय. त्ये तुमाला टोचतंय, मला आवाजात ऐकू येतंय इतकी वर्सं. दुसऱ्यांदा तुमच्या हातनं व्हनार न्हाय."

आम्ही घराकडं निघालो. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी माझा दंड धरून मला थांबवलं. "तरी पन, चिठ्ठीवर काय हुतं, परत एकदा सांगा."

मी हळू आवाजात नाव सांगितलं. त्यांनी मान तिरकी करून ते ऐकलं. लगेच 'बरं' म्हणाले नाहीत.