इराप्पाशेठच्या चाळीतल्या दुरुस्त्या

भाड्याच्या खोलीत राहिलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साठतात, कोपऱ्यात धूळ साठावी तसे. झाडून काढावं म्हटलं, तर तेवढंही त्राण उरलेलं नसतं.

मी सोलापुरात साखर पेठेतल्या इराप्पाशेठच्या चाळीत बरीच वर्षं काढली. तेव्हा मी एका डॉक्टरांकडे कंपौंडर होतो. दिवसभर औषधाच्या बाटल्यांवर डोसाच्या कागदी खुणा चिकटवायच्या आणि संध्याकाळी घरी आल्यावर, आज चाळीत काय मोडलं ते बायकोकडून ऐकायचं, असा माझा दिनक्रम. हल्ली हे सगळं सांगितलं की ऐकणारे पोट धरून हसतात. आम्ही तेव्हा हसत नव्हतो. आम्ही दमलो होतो!

चाळ बैठी, पत्र्याची. इराप्पाशेठ मूळचे दुधनीकडचे. सरकी-पेंडीच्या दुकानावर वर आले आणि त्यांनी ही चाळ बांधली. माणूस वाईट नव्हता. शिवी नाही, दमदाटी नाही. भाडं घ्यायला स्वतः यायचे, ओट्यावर टेकायचे, पोरंबाळं कशी आहेत म्हणून विचारायचे. फक्त दुरुस्तीचं नाव काढलं की डोळे मिटून मान हलवायचे आणि म्हणायचे, "बघू की!"

हे "बघू की" ऐकत ऐकत माझे केस पांढरे झाले.

*

चाळीत नळ एकच. त्याची तोटी फिरवायची मूठ कधीतरी मोडून पडली आणि नुसता दांडा राहिला. हातानं तो फिरेना. चाळीत हुसेनभाई टांगेवाले राहायचे. घोड्याच्या नालाचे खिळे उपटायची त्यांची जाड पक्कड होती. तेवढीच त्या दांड्याला धरायची, बाकीच्या घसरायच्या. आता हुसेनभाई टांगा घेऊन स्टेशनवर जाणार, तर पक्कड त्यांच्याबरोबर जाणार. वाटेत नाल निघाला तर?

म्हणजे हुसेनभाई घरी असतील तेव्हा पाणी. नसतील तेव्हा कोरडा ठणठणाट!

हळूहळू चाळीतल्या सगळ्या बायकांना रेल्वेचं टाइमटेबल पाठ झालं. मुंबईकडची गाडी कधी, मद्रासकडची कधी, कुठली रोज लेट असते. एकदा मी दुपारी जेवायला आलो, तर चूल थंड.

"आज स्वयंपाक नाही का?" मी विचारलं.

कमल, माझी बायको, भिंतीला टेकून बसली होती. डोळेही न उघडता म्हणाली, "मद्रास मेल आली नाही अजून."

*

मग शेठनी चाळीत वीज आणली. म्हणजे बोळात एक बल्ब आणि भिंतीवर एक स्विच. पेठेत मोठं नाव झालं. भाडंही लगेच वाढलं.

पहिल्या महिन्यातच स्विचला करंट यायला लागला. बोट लावलं की कोपरापर्यंत झिणझिण्या! आमच्या शेजारी दातार मास्तर राहत. शाळेत गणित शिकवायचे. ते पट्टीनं स्विच दाबायचे. पलीकडे विड्या वळणारी नरसम्मा होती. ती लाटणं वापरायची. ज्याच्या हाताला लाकूड लागेल त्यानं दिवा लावायचा.

शेठ आले तेव्हा मास्तरांनी त्यांना स्विचपाशी नेलं. "शेठ, याला हात लावला की शॉक बसतो. कुणीतरी जाईल हकनाक!"

शेठनी हात लावला नाही. वरच्या बल्बकडे पाहिलं, स्विचकडे पाहिलं, आणि समाधानानं म्हणाले, "करंट लागतोय म्हंजे लाइट येतीया की! लागला न्हाई, तर सांगा."

*

सगळ्यांत वाईट गोष्ट होती संडासाच्या दाराची. बिजागऱ्या गंजल्या आणि एक दिवस दार सुटून खाली आलं. शेठना निरोप गेला. शेठ म्हणाले, "बघू की!" तोवर आम्ही तिथं पेंडीचं गोणपाट लटकवलं. गोणपाट शेठच्याच दुकानातलं. ते मात्र त्यांनी फुकट दिलं, एवढं कबूल केलं पाहिजे.

पण सोलापूरचा वारा गोणपाटाला काय जुमानतो? आत बसलेल्या माणसानं एका हातानं गोणपाट धरून बसायचं. शिवाय बाहेरून कुणी येतंय असं वाटलं की आवाज द्यायचा. दातार मास्तर खाकरायचे. हुसेनभाई "हय, हय, मैं हय!" म्हणायचे. नरसम्मा तेलुगूत गाणं म्हणायची आणि तिचं गाणं संपेपर्यंत कुणी तिकडं फिरकत नसे.

कमलला तेव्हा दिवस गेले होते. तिला ना खाकरता यायचं, ना गाता. ती उजाडायच्या आत जाऊन यायची आणि मग दिवसभर पाणीच प्यायची नाही. तिचे पाय सुजले. मी चिडून दुकानावर गेलो. म्हटलं, "शेठ, घरात गरोदर बाई आहे. निदान त्या दाराचं तरी बघा!"

शेठ खरंच कळवळले. गल्ल्यावरून उठून उभे राहिले. "अरारा! आदी सांगायचं न्हाई का कंपौंडर?" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माणूस आला. दाराबिराचं काही नाही. शेठनी अजून एक गोणपाट पाठवलं होतं. जरा जाड!

त्या दिवशी मी नरसम्माच्या ओट्यावर डोकं धरून बसलो. ती विड्या वळत होती. म्हणाली, "अय्यो, असं का बसला? मी हाय की." दुसऱ्या दिवसापासून कमल निघाली की नरसम्मा विड्यांचं सूप बाजूला ठेवायची आणि गोणपाटाकडे पाठ करून राखणीला उभी राहायची. बाळंतपणापर्यंत तिनं यात खंड पाडला नाही.

*

शेवटी मास्तर म्हणाले, "आपण वकिलाचा सल्ला घेऊ. भाडेकरूला काही हक्क असतो की नाही?" आम्ही दोघं गेलो. वकिलांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"कराराचा कागद आहे?"

"नाही. तोंडीच ठरलं होतं."

"दुरुस्ती करून देईन, असं मालक निदान तोंडी तरी म्हणाला होता?"

"दर वेळी म्हणतात," मास्तर म्हणाले. "बघू की, असं म्हणतात."

वकिलांनी चष्मा काढला. काचा पुसत म्हणाले, "मास्तर, 'बघू की' ही कबुली समजायची की नकार, याचा निवाडा करायला हायकोर्टात जावं लागेल!"

तरी भला माणूस. त्यांनी वाट दाखवली. मालकानं दुरुस्ती कबूल केली असेल आणि रीतसर सांगूनही तो करत नसेल, तर भाडेकरूनं वाजवी खर्चात ती स्वतः करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी कायद्यात सोय आहे म्हणाले. मास्तरांना हे पहिल्यांदाच कळलं. येताना रस्त्याभर ते ताठ चालत होते.

त्यांनी नोटीस लिहिली. शेठनी ती ओट्यावर बसून वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "अक्षर लई सुरेख हाय तुमचं मास्तर! बघू की."

महिनाभर वाट पाहून आम्ही वर्गणी काढली आणि नळाला नवी पितळी तोटी बसवली. पुढच्या भाड्यातून खर्च वळता केला. आम्हाला वाटलं, आता भांडण होणार. शेठनी कमी भाडं मुकाट्यानं घेतलं. नळापाशी गेले. तोटी फिरवली, बंद केली, पुन्हा फिरवली. ओंजळीनं पाणी प्यायले. धोतराला हात पुसत म्हणाले, "काय जोरात येतंय की वो! असला नळ या पेठेत कुटं हाय? आता भाडं वाढवाया पायजे."

आणि वाढवलं!

नरसम्मा म्हणाली, "शेठ, मग दिवा शॉक देतो, त्याचं भाडं उतरवा की!"

शेठ म्हणाले, "बघू की!"

*

आमची मुलगी झाली त्या वर्षी हस्ताचा पाऊस लागून राहिला. पत्र्याला भोकं होतीच. आम्ही पाळणा इकडून तिकडे सरकवायचो. जिथं सरकवावा तिथं नवी धार! शेवटी घरात कोरडी अशी एक पाट मांडण्याइतकी जागा उरली. त्या पाटावर कमल पोरीला पदराखाली घेऊन बसली होती. दोघींनाही हुडहुडी भरली होती.

हुसेनभाई दारात आले, आत नजर टाकली आणि म्हणाले, "कंपौंडरसाब, बच्ची कू लेके तबेले में आव. उदर छत पक्की हय."

तबेला रस्त्यापलीकडचा, दुसऱ्याच कुणाच्या मालकीचा. हुसेनभाईंनी घोडा बाहेर वळचणीला बांधला, वाळलं गवत अंथरलं, वर स्वतःची घोंगडी टाकली. आम्ही आलो तेव्हा घोडा पावसाकडे बघत उभा होता. मला त्याच्याकडे बघवेना. आम्ही तिथं दोन दिवस राहिलो. कोरडं अंथरूण म्हणजे काय, ते मला तिथं कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठ छत्री घेऊन तबेल्याच्या दारात. मला वाटलं, माणसाला पाझर फुटला. पोरीकडे बघून त्यांनी "लई ग्वाड हाय" म्हटलं, तिच्या हातावर नाणं ठेवलं. मग घसा साफ करून हळूच विचारलं, "म्हंजे, खोली रिकामी केलीत व्हय तुमी?"

*

आणि मग एक दिवस शेठची आईच चाळीत राहायला आली!

शांतव्वा नाव. वयानं वाकलेली, पण आवाज खणखणीत. शेठच्या मोठ्या घरातून एक ट्रंक आणि एक घागर घेऊन ती हुसेनभाईंच्या टांग्यातून उतरली आणि सरळ कडेच्या रिकाम्या खोलीत शिरली. घरी काय बिनसलं होतं ते तिनं कधी सांगितलं नाही आणि आमची विचारायची छाती झाली नाही. शेठ धावत आले. "अव्वा, लोक काय म्हंतील? घरी चल." ती म्हणाली, "भाडं दीन मी. जा तू." शेठना वाटलं, चार दिवसांत येईल परत. ती आली नाही. नळावर आमच्या रांगेत उभी राहायची, लाटण्यानं दिवा लावायची, गोणपाटामागून कानडीत ओरडायची.

पाऊस आला तशी तिची खोली गळायला लागली. कडेची खोली, सगळ्यांत जास्त तिथंच. शेठ भाडं घ्यायला आले तेव्हा ती दारात उभी होती.

"इराप्पा, पत्रा गळतोय."

शेठनी सवयीनं डोळे मिटले, मान हलवली. "बघू की!"

नरसम्माचा विडी वळणारा हात थांबला.

शांतव्वा म्हणाली, "कवा बगशील?"

इतक्या वर्षांत हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं! शेठनी डोळे उघडले. खाली मान घालून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री, शिडी, नवे पत्रे आणि डांबराचा डबा घेऊन हजर!

मिस्त्री शांतव्वाच्या खोलीकडे निघाला, तर ती आडवी आली. "तिकडनं सुरू कर. त्या टोकाकडनं. माजा नंबर शेवटी. ही सगळी माज्या आदी आलेली हायत."

मिस्त्री त्या टोकाला गेला. एकेक खोली होत होती. मधेच पाऊस यायचा, काम थांबायचं. शेठ रोज यायचे, कामावर नजर ठेवायला. शांतव्वाच्या उंबऱ्यावर बसायचे. ती चुलीवरून गरम भाकरी काढून द्यायची, वर शेंगाचटणी आणि दही. आधी दोघं नुसतेच बसायचे. मग बोलायला लागले, कानडीत. आम्हाला शब्द कळत नसत. एकदा शेठ मोठ्यानं हसले, तेव्हा मास्तर खोलीतून बाहेर येऊन बघून गेले. आम्ही त्यांना हसताना कधी ऐकलंच नव्हतं.

असं करत करत सगळी चाळ झाली. मास्तरांचा पत्रा झाला, नरसम्माचा झाला, आमचा झाला. मिस्त्रीनं शिडी शांतव्वाच्या भिंतीला लावली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात तिनं शिडी घट्ट धरली.

"ऱ्हाऊ दे हितलं."

शेठ भाकरीचा घास हातात घेऊनच उठले. "का गं अव्वा? सगळ्यात जास्त तर हितंच गळतंय!"

"गळू दे," शांतव्वा म्हणाली. "गळतंय म्हणून येतोस तरी."