नेडिल्काचा पलंग

फ्राने किती चांगला माणूस आहे हे तुम्हाला क्रोएशियात स्प्लिटच्या बंदरावर कुणीही सांगेल. मला विचारू नका. मी त्याची सख्खी धाकटी बहीण, भिंतीला भिंत लागून राहते, आणि सध्या त्याचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं.

आमच्याकडे उन्हाळा आला की घर आपलं राहत नाही. बोट लागायच्या वेळेला बायका 'खोली आहे' असं लिहिलेले पुठ्ठे छातीशी धरून धक्क्यावर उभ्या राहतात. एकमेकींची गिऱ्हाइकं पळवतात, भांडतात, आणि बोट गेली की एकाच बाकावर बसून पाय चोळतात. पाहुण्यांना बिछाने दिले की घरची माणसं मिळेल तिथं आडवी होतात. पुरुष गच्चीवर, वाऱ्याला. बायका खाली दगडी कोठीत, तेलाचे बुधले, वाइनचं पिंप आणि खारवलेल्या तारल्यांच्या डब्यांमध्ये. का, तर सकाळी पाहुण्यांची कॉफी ठेवायची असते, कोठी स्वयंपाकघराच्या पायऱ्यांखालीच आहे, बाईमाणसाला तेच सोयीचं. हे कुणी ठरवलं कोण जाणे. बाईनं ठरवलेलं नाही एवढं मी पैजेवर सांगते.

नेडिल्का माझी वहिनी. ब्राच बेटावरून लग्न होऊन आली तेव्हा बापानं करून दिलेला अक्रोडाचा पलंग होडीत घालून बरोबर आणला होता. त्या पलंगावर ती हिवाळाभर झोपते, आणि उन्हाळाभर त्याच्यावर जगभरची पोरं लोळतात. पाठीवर बोचकी, खिशात फारसं काही नाही, चार-पाचजणं मिळून या समुद्राच्या काठाकाठानं गावं बघत फिरणारी. त्यांना खाऊपिऊ घालता घालता वहिनीला मार्सेलचे चढ, नेपल्सचा गोंगाट, पालेर्मोत पावात घालून देतात ते आईस्क्रीम, सगळं तोंडपाठ झालंय. स्वतः ती समोरच्या इटलीच्या किनाऱ्यालासुद्धा गेलेली नाही. मी म्हणायचे, "वहिनी, जाऊ या की दोघी एकदा." ती म्हणायची, "उन्हाळ्यात घर कोण बघणार?"

गेल्या हिवाळ्यात तिला खोकला लागला तो लागलाच. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, ओलीत झोपायचं नाही, नाहीतर छाती कायमची जाईल. आयुष्यात पहिल्यांदा वहिनीनं नवऱ्याकडे काही मागितलं. माझ्यासमोर मागितलं.

"फ्राने, यंदा दोनच खोल्या देऊ. मी माझ्या पलंगावर झोपणार."

"झोप की. तुला नको कोण म्हणतंय?" तो म्हणाला, आणि पत्ते खेळायला निघून गेला.

ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्यानं शब्द पाळला. मग एका दुपारी बंदरावरून चार पोरं घेऊन आला. दोन मुली, दोन मुलगे, जेनोवाची. बोटीच्या उघड्या डेकवर झोपत, पाव-टोमॅटो खात पालेर्मो, बारी, दुब्रोव्निक करत आलेली. फ्राने तरुणपणी जहाजावर होता, जेनोवा म्हटलं की विरघळतो. पोरं बिचारी म्हणत होती, "काका, आमच्याकडे अंथरूण-पांघरूण आहे, गच्ची चालेल."

"गच्ची? फ्रानेच्या घरी पाहुणा जमिनीवर झोपत नाही," असं म्हणून त्यानं वहिनीच्या खोलीचं दार उघडलं.

वहिनी मोरीवर तारल्या साफ करत होती. तिनं मान वर करून पाहिलं, आणि पुन्हा मासे साफ करू लागली. पाहुण्याचं बोचकं उंबऱ्याच्या आत आलं की आमच्याकडे कुणी त्याला 'नाही' म्हणत नाही. मुलगे पलंगावर गेले. मुलींनी कोठी पाहिली, आणि लुदोविका नावाची जी बोलकी होती ती हरखूनच गेली. दगडी भिंती काय, पिंप काय. आम्ही इथंच झोपणार म्हणाल्या. मग वहिनीची गादी स्वयंपाकघरात टेबलाखाली गेली.

मी फ्रानेला अंगणात गाठलं. "दादा, तू तिला शब्द दिला होतास."

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. पाहुण्यांसमोर तमाशा करू नकोस."

"राहू दे, विन्का," आतून वहिनी म्हणाली. "पोरं दमलीत."

मला तिचाही राग आला. इतकं सोसणं हाही एक आजारच आहे.

त्या रात्री दक्षिणेचा दमट वारा सुटला. सकाळी मुली वर आल्या त्या डोळे सुजलेल्या, शिंकत. "काका, माफ करा," लुदोविका म्हणाली, "पण खाली श्वास घेता येत नाही. भिंतींना पाणी सुटलंय. आज आम्ही किनाऱ्यावर झोपू."

फ्रानेनं कपाळावर हात मारला. "चुकलं माझं, पोरींनो. ती काय माणसानं झोपायची जागा आहे? मला कळायला नको?" आणि माझा भाऊ धावायला लागला. स्वतःची गच्चीवरची खाट मुलींना दिली, शेजारून दुसरी आणली, ओली पांघरुणं उन्हात टाकली. त्याला कुणासाठी इतकं पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. वहिनी कॉफीचं तबक घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

फ्राने घाम पुसत आला. "चला, झालं. आणि नेडिल्का, कोठी मोकळी झाली बघ. तुझी गादी परत खाली टाक. टेबलाखाली किती अवघडतेस."

हे तो मायेनं म्हणाला. माझ्या हातात मासे कापायची सुरी असती तर काय झालं असतं सांगता येत नाही.

वहिनीनं तबक खाली ठेवलं आणि खोलीचं दार वाजवलं. "उठा रे बाळांनो. हा पलंग माझा आहे."

मुलगे ताडकन उठले. "तुमचा? आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आम्ही तर गच्चीच मागितली होती." बोचकी उचलून दोघं जिना चढलेसुद्धा. लुदोविका वहिनीकडे बघत राहिली. "म्हणजे खाली रोज तुम्ही..." म्हणाली, आणि तिचा चेहरा लाल झाला.

वहिनीनं चादर बदलली. उशी झटकली. मग भर सकाळी, ढीगभर कामं पडलेली असताना, दार लावून आतून किल्ली फिरवली.

"नेडिल्का," फ्राने दारापाशी जाऊन हळू आवाजात म्हणाला, "लोक काय म्हणतील?"

आतून खोकला ऐकू आला.

फ्राने माझ्याकडे वळला. "गच्चीवर ही चौघं. मग मी झोपू कुठं?"

"कोठी मोकळी आहे, दादा."

त्यानं खाली जाणाऱ्या पायऱ्यांकडे पाहिलं. मग लहान मुलासारखं तोंड करून म्हणाला, "तिथं फार ओल असते गं, विन्का."