गंगव्वाचा जाळ

गंगव्वाच्या अखेरच्या आजारात मी तिच्या खाटेशी बसून तिच्याशी खोटं बोललो. हे आजवर मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

कागलच्या पुढं, सीमेलगतच्या गावात तिचं घर. गोबर गॅसच्या टाक्या बांधून देणं हे माझं काम. तिचीही मीच बांधली. चुलीच्या धुरानं तिची छाती पार पोखरली होती. बोलता बोलता थांबून दम खायची. शेगडी पहिल्यांदा पेटली तेव्हा तिनं ज्योतीला हात जोडले आणि तवा ठेवायचा सोडून नुसती बघत बसली. मुलगा बसू म्हणाला, "अव्वा, भाकरी टाक की." तर म्हणाली, "थांब रं, धूर कुठनं येतोय बघूया."

सकाळी आंघोळ, मग गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा. त्या जाळावरची पहिली भाकरी लिंगाला दाखवल्याशिवाय ती पाणीही पीत नसे. आल्यागेल्याला सांगायची, "पावणं, म्हशींचा इस्तू हाय ह्यो. ह्येला धूर ठावाच न्हाय." मला धाकटा भाऊ मानून कानडीत हाक मारायची, "तम्मा, जेवून जा. तू उपाशी गेलास तर जाळ रुसंल."

पुढं एक म्हैस दगावली, एक विकली. एकीच्या शेणावर संध्याकाळची भाकरी होईना. ती पुन्हा चुलीपुढं बसू लागली आणि खोकला परसापर्यंत ऐकू येऊ लागला. त्यांच्या दारात नवा संडास झाला होता, घरात दहा-बारा माणसं. संडास टाकीला जोडला तर गॅस वाढतो, हे मीच बसूला सुचवलं. गंगव्वानं ते ऐकलं. "जोडा की. पर त्या जाळावरचं देवाला दाखवणार न्हाय, आन् मीबी खाणार न्हाय. चुलीनं मेले तर मेले."

भावकीतल्या एका लग्नासाठी ती निपाणीला माहेरी गेली, तेव्हा बसूनं आणि मी पाइप जोडला. वरून माती लोटली, शेणानं सारवून घेतलं.

परतल्यावर काही दिवसांत ज्योत वाढली. "एका म्हशीत एवढा?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "अव्वा, शेण चांगलं कालवलं की वाढतोय."

तिनं ते खरं मानलं. रोज कोपरापर्यंत हात घालून शेण कालवू लागली. गल्लीत ज्यांच्या घरी टाक्या होत्या त्या बायकांनाही शिकवू लागली. त्यांचा गॅस काही वाढेना, तशी डाफरायची, "हातात जीव न्हाय तुमच्या. भाकरी खाताय का वारा?" बायका हसायच्या. बसू गोठ्यात निघून जायचा. मी ताटातली भाकरी खाली मान घालून संपवायचो.

तिचा खोकला कमी झाला. नातवाला कडेवर घेऊन ती माळापर्यंत चालत जाऊ लागली. त्या वर्षांकडं बोट दाखवून मी स्वतःची समजूत घालत आलो.

शेवटी छातीनं दगा दिलाच. भेटायला गेलो तेव्हा तिनं बसूला पाणी आणायला धाडलं. मग माझं मनगट धरून म्हणाली, "तम्मा, खरं सांग. टाकीत काय सोडलं न्हाईसा न्हवं? रोज देवाला दाखवलंय मी."

बसू तांब्या घेऊन दारात थांबला होता.

"न्हाय, अव्वा," मी म्हणालो.

"मग बरं." तिनं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला आणि डोळे मिटले. दोन दिवसांनी ती गेली.

तिला त्या घडीला शांती हवी होती, असं बसू म्हणतो. असेलही. पण धूर की नेम, हे ठरवायचं तिचं तिला होतं, आणि तिनं ते आमच्या तोंडावर सांगून ठरवलं होतं. आम्ही तिच्या माघारी ते मोडलं, आणि रोज तिच्याच हातानं तिचा नेम मोडवत राहिलो. तिनं वाढलेलं मी पोटभर जेवलो.

तिनं विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर मी तिचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.