भरती की ओहोटी?

“भरती की ओहोटी?”

रजेचा अर्ज घेऊन केबिनमध्ये गेलं, की आमचे साहेब मान वर न करता आधी हे विचारायचे. उत्तर मिळालं, की सही. तुम्हीही नाना तऱ्हेचे साहेब पाहिले असतील, पण रजेला खाडीची परवानगी लावणारे हे एकच.

ऐंशीच्या दशकात आमची कंपनी फोर्टातून बेलापूरला आली. आम्ही टायपिस्ट मुली नाकं मुरडतच आलो. समोर खाडी, चिखल, शेजारच्या दिवाळे गावातल्या कोळ्यांच्या होड्या आणि दुपारच्या वाऱ्याबरोबर सुक्या मासळीचा वास. साहेब साताऱ्याकडचे. ऑफिसची मांडणी त्यांनीच केली. आमची टेबलं खिडक्यांपाशी. उजेड अडू नये म्हणून कपाटं कमरेएवढी. मधूनमधून कुंड्या, त्यांतही शोभेचं काही नाही. ओवा, पुदिना आणि गवती चहा. तो दुपारच्या चहात पडायचा. साहेबलोकांच्या केबिना मात्र आतल्या भिंतीला, भर दिवसा ट्यूबलाइट लागणाऱ्या.

डायरेक्टर पाहणीला आले आणि भडकलेच.

“क्लार्कना व्ह्यू, आणि मॅनेजर अंधारात?”

“सर, आपण मीटिंगला उठतो, फिरतो,” साहेब म्हणाले. “या पोरी सकाळी बसतात त्या संध्याकाळीच उठतात. डोळे यांचे जातायत.”

“ठीक आहे. तुम्ही आहात तोवर राहू दे.”

आम्ही टाइपरायटरवर हात ठेवून ऐकत होतो.

कुणी कपाळ चोळताना दिसलं, की साहेब खिडकीकडे बोट दाखवायचे. “बाई, डोळे जरा चरायला सोडा!” मला आधी राग यायचा. एकदा घाईत मी न बघताच “भरती” म्हणून टाकलं. फाइल घेऊन उभा असलेला दिवाळ्याचा शिपाई फिसकन हसला.

“ओहोटी हाय, साहेब. होऱ्या चिखलान बसल्यान.”

साहेबांनी अर्ज परत दिला. “जा, बघून या. सावकाश.”

मी तणतणत खिडकीशी गेले. उघड्या चिखलात बगळे पाय उचलून उचलून चालत होते. किती वेळ उभी राहिले कोण जाणे, पण मानेतली कळ गेली होती. त्या दिवसापासून मी कधी न बघता उत्तर दिलं नाही.

साहेब निवृत्त झाले त्या संध्याकाळी शाल-नारळ हातात घेऊन खिडकीपाशी उभे राहिले. त्यांना तिथे निवांत उभं असलेलं आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

महिन्याभरात सुतार आले. केबिना खिडक्यांपाशी गेल्या, आम्ही आत. कुंड्या जिन्यात.

नव्या साहेबांकडे अर्ज घेऊन गेले तेव्हा त्यांच्या पाठीमागे जाड पडदा ओढलेला होता. काहीही न विचारता त्यांनी सही केली आणि कागद पुढे सरकवला. मी उभीच.

“आणखी काही?”

“भरती की ओहोटी?” माझ्या तोंडून निघून गेलं.

ते गोंधळले. मग खुर्ची वळवून त्यांनी पडद्याची कड उचलली.

“अरेच्चा! इथून खाडी दिसते?”

मला आमच्या साहेबांची अशी आठवण आली, की बाहेर भरती होती की ओहोटी, ते नीट दिसलंच नाही.