चर्चमध्ये भरलेला कापूस

फुलसावंगीच्या छोट्या चर्चमध्ये घंटा वाजवायचं आणि पोरापोरींना सरळ बसवायचं काम एलियाकाका तायडे वर्षानुवर्षं करत आले. हातात वेताची छडी. कोणी भिंतीला टेकलं, कोणी खुदकन हसलं, की छडी बाकावर आपटलीच. हळूहळू तरुण मंडळी यायचीच बंद झाली. काकांनी त्याचं खापर टीव्हीवर फोडलं.

मग ते कापसाला भाव नसलेलं वर्ष आलं. आज ना उद्या भाव चढेल म्हणून लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला. पाय पसरायला जागा उरली नाही, अंगाला खाज सुटली, आणि रविवारी चर्च तरुणांनी गच्च भरलं. पाळकसाहेब गहिवरले. एवढ्या श्रद्धेचं चीज व्हावं म्हणून त्यांनी जाहीर केलं, "तुमचा कापूस इथं आणून ठेवा."

पुढच्या रविवारी घरं मोकळी होती आणि चर्चमध्ये बाकाबाकांवर कापूस बसला होता. पाळकसाहेबांनी मान खाजवत त्यालाच उपदेश केला.

काका तणतणत शेजारच्या रिबकाच्या दारात गेले. "काहून आली नाहीस वं?"

रिबका खाटेवर ऐसपैस पडली होती. "आता घरी जागा झाली ना, काका. अन् तिथं कापसाले कोणी सरळ बस म्हणत नाही. आमाले म्हणता."

काका फणफणत परतले. पहिल्या बाकावरचा कापूस भिंतीला खुशाल टेकला होता. छडी आपोआप वर गेली, आणि तशीच थांबली. हाही उठून गेला, तर रविवारी घंटा कोणासाठी वाजवायची?