दीड दिवसाचा गणपती, एक दिवसाची सुट्टी

आमच्या घराण्यात प्रत्यक्ष गणपतीची रजा नामंजूर करणारा मी एकमेव पुरुष आहे.

हे मी अभिमानाने सांगत नाही. पन्नाशी ओलांडल्यावर माणसाने आपल्या चुका स्वतःहून सांगाव्यात. नाहीतर त्या बायको सांगते आणि तिच्या सांगण्यात मसाला जास्त असतो.

ऐंशीच्या दशकात मी भांडुपला, छत्रीच्या काड्या बनवणाऱ्या एका कारखान्यात टाइमकीपर होतो. कामगारांची हजेरी, रजा, सुट्ट्या आणि सुट्ट्यांचा पगार हा सारा संसार माझ्या टेबलावर होता. माझी पत्नी सुमन तिथेच पॅकिंग खात्यात होती. (म्हणजे दिवसाचे आठ तास ती माझ्या अधिकारात असे. उरलेल्या सोळा तासांविषयी न लिहिलेले बरे.)

वर्षाला ठरावीक भरपगारी सुट्ट्या होत्या आणि त्यांना जोडून दांडी मारण्याची प्रथाही होती. मॅनेजरसाहेब म्हणाले, "टाइमकीपर, एक कडक नोटीस काढा." मी तीन दिवस खपून ती रचली: 'भरपगारी सुट्टीच्या आदल्या अथवा दुसऱ्या दिवशी, पूर्ण वा अर्धा दिवस, विनापरवानगी गैरहजर राहणाऱ्या कर्मचाऱ्यास सदर सुट्टीचे वेतन मिळणार नाही.' त्यातले 'पूर्ण वा अर्धा दिवस' हे शब्द खास माझे. साहेबांनाही सुचले नव्हते!

नोटीस लागली श्रावणात. दुसऱ्याच दिवशी लेथवरचा परब माझ्या खिडकीशी आला.

"काय हो, तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?"

"दीड."

"आणि सुट्टी किती दिवसांची?"

"एक," मी म्हणालो आणि म्हणता म्हणताच माझी चूक माझ्या लक्षात आली. आमच्या कारखान्यात तीन चतुर्थांश माणसे कोकणातली, आणि बहुतेकांच्या घरी दीड दिवसाचा गणपती. चतुर्थीला सुट्टी, विसर्जन मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी! हे मला ठाऊक नव्हते असे नाही. माझ्याच घरी पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले होते. पण नोटीस लिहिताना माझे सारे लक्ष भाषेकडे होते.

मी साहेबांना भेटलो. ते म्हणाले, "परवानगी कोणालाच नाही. तुम्हाला तर नाहीच नाही. नियम करणाऱ्यानेच मोडला तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू?"

घरी मी सौम्य शब्दांत विषय काढला. "यंदा विसर्जन सकाळी सहाला उरकले तर? म्हणजे सातला कामावर..."

माझे वडील, अप्पा, गिरणीतून निवृत्त झालेले. अख्खे आयुष्य संपात गेल्यामुळे त्यांना माझी नोकरी मुळातच संशयास्पद वाटे. त्यांनी चष्मा काढला.

"काय रे झिला, देवाक पयल्या पाळीक धाडतंस?"

"अप्पा, नियम आहे. दुसऱ्या दिवशी गैरहजर राहिले की सुट्टीचा पगार जातो."

"गणपती दीड दिवसाचो. सुट्टी एका दिवसाची. उरलेल्या अर्ध्या दिवसाचो पगार कोणाचो कापतलंस? त्येचो?" त्यांनी देव्हाऱ्यातल्या गणपतीकडे बोट दाखवले.

सुमनने तवा आपटला. "मी त्या दिवशी येणार नाही. लाव माझी गैरहजेरी."

"अगं, माझ्या हाताने?"

"तुझ्याच हाताने. आणि नियमच सांगायचा तर नीट सांग ना! सुट्टीच्या दिवशी कामाला जुंपलं तर दुप्पट पगार आणि वर बदली सुट्टी. चतुर्थीला पहाटेपासून मी एकशे एक मोदक वळते. माझी बदली सुट्टी कुठेय रे? लग्नाला नऊ वर्षं झाली!"

मी हिशेब करू लागलो, तो तिने माझ्याकडे असे पाहिले की मी थांबलो.

चतुर्थी पार पडली. मोदक झाले, आरत्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, गेटवरच्या घड्याळात कार्ड पंच करून, मी कारखान्यात हजर होतो. आमच्याकडे रीत अशी की, ज्याने स्थापना केली त्यानेच मूर्ती पाण्यात सोडायची. स्थापना मी केली होती. तरीही आदर्श घालून द्यायचा म्हणून मी विसर्जन अप्पांवर सोपवून निघालो. निघताना सुमनने हसून डबा हातात दिला. (आमच्या घरात असे हसणे हे फार वाईट लक्षण असते!)

साडेसातला साहेब आले. "किती माणसं आली?"

"एक, साहेब."

"कोण?"

"मी."

दुपारी एकपर्यंत मी एकटा, बंद यंत्रांच्या साक्षीने, कार्डांवर 'गैरहजर'चे शिक्के मारत होतो. सुमनचे कार्ड आले तेव्हा मी डोळे मिटले. शिक्का तिरका बसला. आणि तेवढ्यात ढोलकी ऐकू आली.

तलावाचा रस्ता आमच्या गेटवरून जात नाही. तरीही वळसा घालून तीन हातगाड्या आणि वीस-बावीस गणपती गेटसमोर येऊन थांबले. सर्वांत पुढे आमचा. मागे अप्पा, त्यांच्या बाजूला परब टाळ घेऊन, आणि सुमन पदर खोचून.

"अप्पा, तुम्ही सोडणार होतात ना मूर्ती?"

"माझे गुडघे गैरहजर आसत."

"उत्तरपूजा झालीय," सुमन म्हणाली. "मूर्ती आता परत घरात नेता येत नाही. सोडायची तर तूच. तुझी पाळी सुटेपर्यंत आम्ही बसतो इथेच." आणि ती भर रस्त्यात मांडी घालून बसली. मागोमाग अख्खा कारखाना बसला.

साहेब धावत बाहेर आले. वीस-बावीस गणपती एकदम आपल्याकडे पाहताहेत म्हटल्यावर त्यांनी आधी नमस्कार केला, मग आवाज चढवला. "टाइमकीपर, यांना उठायला सांगा!"

"आम्ही कशाला उठू, साहेब?" सुमन म्हणाली. "आम्ही तर गैरहजर आहोत!"

परबाने टाळ वाजवला. मी आमच्या मूर्तीकडे पाहिले. उन्हात तिच्या कानाचा रंग चमकत होता. तो कान मीच पुसला होता आदल्या सकाळी. आयुष्यात प्रथमच माझा आवाज वर गेला.

"साहेब, मी चाललो!"

"तुमचीच नोटीस आहे!"

"चुकीची आहे! मी लिहिली म्हणून बरोबर होत नाही. सुट्टी द्यायची तर देवाच्या मापाने द्या, नाहीतर यादीतून त्याचं नाव काढा!"

गेटवर जो जयघोष झाला, तो गणपतीचा होता. पण त्यातला थोडा माझा होता अशी माझी समजूत आहे. तलावात कमरेइतक्या पाण्यात उभा राहून मी मूर्ती सोडली. सुमन काठावरून ओरडली, "बघून रे! बूट काढले नाहीस!"

संध्याकाळी साहेब नमले. 'आज कामावर न आलेल्या सर्वांस बदली सुट्टी. भरपाई म्हणून येत्या साप्ताहिक सुट्टीला काम होईल,' अशी नोटीस त्यांनी काढली. त्यांच्यापैकी कोणाचा पगार कापला गेला नाही. सुमनच्या कार्डावरचा तिरका शिक्का मीच आनंदाने खोडला. पुढच्या वर्षीपासून यादीत दीड दिवस आला.

मी आयुष्यात अनेकांची माफी मागितली आहे. त्या अर्ध्या दिवसाची मात्र मागितली नाही, आणि मागणारही नाही.

फक्त एक कबुली. ती नोटीस तिच्या अल्प आयुष्यात एकाच कर्मचाऱ्याला लागू पडली आणि त्याचा सुट्टीचा पगार गेला. 'कामावर न आलेल्या'त तो बसत नव्हता, कारण तो आला होता. आणि तो अर्ध्या दिवसाने निघून गेल्याचा लेखी पुरावा होता. साहेबांपुढे गरजून, मान ताठ ठेवून, बंडाच्या त्या परमोच्च क्षणी मी गेटबाहेर पडलो खरा; पण जाताना कार्ड पंच करून!